किराणा दुकानात बसवलेली उच्च सुरक्षा कुलपे : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मानेवाडा रस्त्यावरील आमच्या किराणा दुकानात मी गेल्या फेब्रुवारीच्या अखेरीस तीन काचेच्या कपाटांना चकत्यांच्या रचनेची उच्च सुरक्षा कुलपे बसवली. आता नोव्हेंबर संपत आला आहे. मधल्या काळात नागपूरचा उन्हाळा, पावसाळ्यातील ओल, पोळ्याची आणि दिवाळीची गर्दी असे सगळे होऊन गेले असल्यामुळे या कुलपांविषयी खात्रीने लिहिता येईल असे वाटते. कंपनीचे नाव मी देत नाही, कारण या रचनेची कुलपे एकाहून अधिक कंपन्या बनवतात आणि मला जे सांगायचे आहे ते रचनेविषयी, ती बसवण्याच्या पद्धतीविषयी आणि दुकानातील रोजच्या व्यवहाराविषयी आहे.

सासऱ्यांच्या काळात आमचे दुकान काउंटरचे होते. गिऱ्हाइकाने यादी द्यायची आणि आम्ही माल काढून द्यायचा, अशी पद्धत असल्यामुळे हिशेब झाल्याशिवाय वस्तू काउंटरच्या पलीकडे जात नसे. २०१९ मध्ये आम्ही रॅक मोकळे केले, हातात धरायच्या टोपल्या ठेवल्या आणि विक्री चांगलीच वाढली, पण त्याबरोबर साठाही कमी भरू लागला. यंदा जानेवारीत तीन दिवस लावून आम्ही सगळा माल मोजला, तेव्हा वर्षाची तूट ६१ हजार रुपयांची निघाली. आमच्यासारख्या दुकानात ही रक्कम एका मुलाच्या पाच महिन्यांच्या पगाराएवढी होते. साखर, डाळ, तांदूळ, साबण यांत फारसा फरक नव्हता. कमी भरल्या त्या लहान, महाग आणि कुठेही सहज विकल्या जाणाऱ्या वस्तू : तुपाचे एक लिटरचे डबे, बदाम आणि काजूची पाकिटे, एक ग्रॅम केशराच्या डब्या, दाढीच्या रेझरची पाती, कॉफीच्या बरण्या आणि बाळाच्या दुधाच्या पावडरीचे डबे.

दुकानात सहा कॅमेरे आधीपासून आहेत आणि त्यांचा उपयोग नाही असे मी म्हणणार नाही. मात्र कॅमेरा घडून गेलेले दाखवतो, घडणारे थांबवत नाही. दोन वेळा मी रात्री दुकान बंद झाल्यावर तासन्‌तास चित्रण पाहिले आणि दोन्ही वेळा पडद्यावर ओळखीचा चेहरा दिसला. त्यापुढे काय करायचे, हा प्रश्न कॅमेरा सोडवत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या चोरीत, पहिल्यांदाच दोषी ठरलेल्या व्यक्तीने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर समाजसेवेची शिक्षा ठेवली आहे आणि ती तरतूद मला योग्य वाटते. तरीही पाचशे रुपयांच्या डब्यासाठी शेजारच्या गल्लीतील माणसाला पोलिसांसमोर उभे करण्याची माझी तयारी नव्हती. चोरी झाल्यानंतर कुणाला पकडण्यापेक्षा ती होऊच नये, एवढेच मला हवे होते.

सुरुवातीला कपाटांना सुताराने लावलेली साधी कुलपे होती, जी हार्डवेअरच्या दुकानात शंभर-सव्वाशे रुपयांना मिळतात. त्यांच्यावरचा विश्वास एका दुपारी संपला. आमची किल्ली सापडत नव्हती म्हणून शेजारच्या स्टेशनरीवाल्या काकांनी सहज आपल्या कपाटाची किल्ली आणून लावली आणि आमचे कुलूप उघडले. या स्वस्त कुलपांत किल्लीचे मोजकेच नमुने असतात, त्यामुळे एकाच भागातील दहा कपाटांपैकी दोन-तीन एकाच किल्लीने उघडावीत यात आश्चर्य नाही. त्यानंतर इतवारीतील एका जुन्या कुलपांच्या दुकानात जाऊन मी दोन तास बसले. त्यांनी मला आधी गोल नळीसारख्या किल्लीची कुलपे दाखवली. ती दिसायला भक्कम होती, पण २००४ साली अमेरिकेत याच प्रकारची सायकलची महाग कुलपे बॉलपेनच्या प्लास्टिकच्या नळीने उघडता येतात हे उघडकीस आले होते आणि ते वाचल्याचे माझ्या लक्षात होते. सगळीच नळीची कुलपे तितकी कच्ची नसतात, तरी मी ती बाजूला ठेवली.

शेवटी निवडलेली रचना नीट समजून घेण्यासारखी आहे. आपल्या नेहमीच्या पिनांच्या कुलपात, म्हणजे लायनस येल धाकटा याने १८६१ मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीच्या कुलपात, लहान स्प्रिंगा पिनांना खाली दाबून धरतात आणि किल्लीचे दाते त्या पिना हव्या त्या उंचीवर उचलतात. चकत्यांच्या कुलपात स्प्रिंग नसते. दंडगोलाच्या पोटात ओळीने चकत्या बसवलेल्या असतात, माझ्या कुलपात त्या अकरा आहेत, आणि प्रत्येकीच्या कडेला एक खाच असते. किल्लीवरचे काप वेगवेगळ्या कोनांचे असल्यामुळे किल्ली फिरताना प्रत्येक चकती आपापल्या मापानेच फिरते आणि सगळ्या खाचा एका रेषेत आल्या की बाजूची बारीक पट्टी त्यांत उतरते. मगच दंडगोल फिरतो. ही कल्पना फिनलंडमधील एमिल हेन्रिक्सन याची, १९०७ सालची. बर्फाच्या देशात जन्मलेले हे कुलूप विदर्भाच्या धुळीत का टिकते, याचे उत्तरही त्यातच आहे : गोठायला किंवा धुळीने अडकायला आत स्प्रिंगच नाही. मला एक कुलूप १,४५० रुपयांना पडले आणि तिन्ही कुलपांना एकच किल्ली चालेल अशी जुळणी करून घेण्याचे वेगळे पैसे द्यावे लागले. प्रत्येक संचाबरोबर एक कार्ड येते आणि ते दाखवल्याशिवाय कंपनीकडून जादा किल्ली मिळत नाही.

बिल न झालेल्या वस्तूवरचा टॅग ओळखून वाजणारे खांब दारावर उभे करण्याचा विचारही मी केला होता. कपड्यांच्या दुकानात जे कडक प्लास्टिकचे टॅग असतात त्यांच्या पोटात पिनेला तीन बारीक गोळ्या पकडून ठेवतात आणि काउंटरवरील जोरदार चुंबक ती पकड सोडवतो, अशी ती सुबक रचना आहे. पण किराण्यात चिकटवायची लेबले लावावी लागतात. रेडिओ लहरींवर चालणारी ती लेबले तुपाच्या पत्र्याच्या डब्यावर किंवा चकाकत्या धातूच्या पाकिटावर नीट काम करत नाहीत, म्हणजे मला ज्या वस्तूंची काळजी होती नेमक्या त्यांवरच ती निरुपयोगी होती. रेझरच्या पात्यांसाठी घेतलेली चुंबकाने उघडणारी हुकची कुलपेही मी पंधरा दिवसांत काढली, कारण बाजारातून आणलेल्या एका साध्या ताकदवान चुंबकाने मी स्वतः ती उघडून पाहिली.

आता बसवण्याविषयी, कारण माझी सर्वांत मोठी चूक तिथे झाली. कुलूप बसवून झाल्यावर मी समाधानाने किल्ली फिरवली, दार ओढून पाहिले, ते हलले नाही. चौथ्या दिवशी काच पुसताना कामावरच्या मुलाने सरकते दार दोन्ही हातांनी वर उचलले आणि ते खालच्या चॅनलमधून अलगद बाहेर आले. कुलूप जसेच्या तसे बंद आणि कपाट पूर्ण उघडे. सरकत्या काचेच्या दाराला वरच्या चॅनलमध्ये जी मोकळी जागा ठेवतात, ती काच बसवण्यासाठी आवश्यक असते, पण तीच जागा चोरालाही पुरते. मी सुताराला पुन्हा बोलावून वरच्या चॅनलमध्ये लाकडी ठोकळे बसवून घेतले, जेणेकरून दार बंद असताना ते उचलले जाणार नाही. कुलपाच्या पट्टीचे बाहेरून दिसणारे स्क्रू बदलून आरपार जाणारे बोल्ट टाकले आणि साधी काच काढून सहज न फुटणारी टफन काच लावली. या सगळ्याचा खर्च तीन कुलपांच्या खर्चापेक्षा जास्त झाला. ज्यांना कपाटाची दुरुस्ती करायची नाही त्यांनी महाग कुलूप घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण चोर कुलपाशी भांडत नाही, तो कपाटाची सर्वांत कच्ची बाजू शोधतो.

पहिल्या महिन्यात चोरी थांबली आणि विक्रीही घसरली. कॉफीच्या बरण्या महिन्याला साठच्या आसपास जात, त्या मार्चमध्ये अडतीस गेल्या. मला आधी वाटले की परीक्षांच्या दिवसांनंतर खप कमी होत असेल. मग मी एक आठवडा मुद्दाम दुकानाच्या आतल्या बाजूला उभी राहिले. एक आजोबा कपाटासमोर थांबले, काचेतून बरणीकडे पाहिले, इकडेतिकडे कुणी आहे का पाहिले आणि पुढे निघून गेले. मी विचारले तेव्हा म्हणाले, “राहू द्या, तुम्ही कामात दिसता.” एका ताईंनी विचारले, “चाबी कोणापाशी आहे?” आणि मुलगा गोदामातून येईपर्यंत टोपली खाली ठेवून त्या गेल्या. त्यांच्यापैकी कुणी चोर नव्हते आणि तरीही कुलपाचा त्रास त्यांनाच झाला होता. मोबाइलवर वेळ लावून पाहिला तेव्हा गिऱ्हाइकाने मागितल्यापासून वस्तू हातात पडेपर्यंत सरासरी पावणेदोन मिनिटे जात होती आणि त्यातील कुलूप उघडण्याचा वेळ जेमतेम चार सेकंदांचा होता. बाकी सगळा वेळ किल्ली असलेल्या माणसाला शोधण्यात जात होता.

त्यानंतर मी तिन्ही कपाटे आतल्या भिंतीवरून उचलून बिलिंग काउंटरच्या उजव्या हाताला आणली. एक किल्ली काउंटरवर बसणाऱ्याच्या कमरेला दोरीने बांधलेली आणि दुसरी घरी. कपाटाजवळ एक बेल लावली. आता वस्तू वीस-पंचवीस सेकंदांत हातात पडते आणि ऑगस्टपासून कॉफी पुन्हा पंचावन्नच्या वर गेली आहे. कुलूपबंद वस्तूंची यादीही मी कमी केली. सुरुवातीला उत्साहाच्या भरात त्रेचाळीस प्रकार आत ठेवले होते, आता सतरा आहेत. ज्या वस्तू मागताना माणसाला संकोच वाटतो त्या कुलपात ठेवू नयेत, हे मला फार लवकर कळले. केस काढण्याचे क्रीम आम्ही आत ठेवले तेव्हा त्याची विक्री जवळपास थांबली, कारण काउंटरवरच्या मुलाकडे ते मागायला मुली तयार नव्हत्या. सॅनिटरी पॅड मी कधीच कुलपात ठेवले नाहीत आणि ठेवणारही नाही. बाळाच्या दुधाच्या पावडरीचे डबेही एप्रिलमध्ये काढून काउंटरमागच्या उघड्या फळीवर ठेवले. रात्री साडेनऊला घाईने आलेल्या आईला काचेसमोर थांबवावे लागले, ते मला सहन झाले नाही. तिथे ते आमच्या नजरेसमोर असतात आणि त्यांची तूट झालेली नाही.

उन्हाळ्यात कुलपांनी काहीच तक्रार दिली नाही. दुकानाचे तोंड पश्चिमेला आहे, मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की किल्ली हातात तापलेली लागते, पण फिरण्यात फरक पडला नाही. पावसाळ्यात मात्र कपाटाची प्लायवूडची चौकट फुगली आणि कुलपाची जीभ समोरच्या छिद्राला घासू लागली. किल्ली जोर लावून फिरवायची सवय मुलाला लागली, ती मी लगेच मोडली, कारण तसा जोर किल्लीच्या मुळावर येतो. सुताराने छिद्र कानशीने दोन मिलिमीटर मोठे केले आणि अडचण संपली.

खरा बिघाड मागच्या पंधरवड्यात, थंडी पडल्यावर झाला. एका सकाळी मधले कुलूप इतके जड फिरू लागले की मला ते खराब झाले असे वाटले. चौकशी केली तेव्हा कळले की दिवाळीच्या आधी मुलाने काळजीपोटी, न सांगता, किल्लीच्या भोकात खोबरेल तेल सोडले होते. खोबरेल तेल चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली गोठते आणि नागपूरच्या नोव्हेंबरच्या पहाटे पारा त्याहून बराच खाली असतो. तेल, त्यात बसलेली धूळ आणि पिठाचे कण असा पांढरट लगदा चकत्यांमध्ये जमला होता. इतवारीच्या त्या दुकानदारांनी आत साफ करण्याचा स्प्रे मारून, किल्ली वीस-पंचवीस वेळा आतबाहेर करून, प्रत्येक वेळी ती फडक्याला पुसून तो लगदा बाहेर काढला आणि नंतर कंपनीने सांगितलेले पातळ वंगण दोन थेंब सोडले. कुलूप पूर्वीसारखे फिरू लागले. स्प्रिंग नसल्यामुळे ते धुळीला दाद देत नाही हे खरे, पण घरातील तेलालाही ते दाद देणार नाही असे मी मानून चालले होते.

किल्ली हरवण्याचा प्रसंगही सांगितला पाहिजे. मारबतीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मिरवणूक पाहायला गेलेल्या मुलाच्या खिशात चुकून काउंटरची किल्ली गेली आणि महाल भागातील गर्दीत ती पडली. साधे कुलूप असते तर रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या चावीवाल्याकडून तासाभरात किल्ली झाली असती. इथे कार्डाचा क्रमांक, ओळखपत्र आणि पैसे पाठवून नवी किल्ली यायला अकरा दिवस लागले. तेवढे दिवस घरची एकमेव किल्ली वापरताना मला धास्ती होती. हा या कुलपांचा दोष आहे की गुण, यावर घरात वाद झाला. रस्त्यावर किल्ली बनत नाही म्हणूनच ती कुणाला गुपचूप बनवूनही घेता येत नाही, हे मला पटते, पण विकत घेतानाच तिसरी किल्ली मागून ठेवायला हवी होती. नवे गिऱ्हाईक असाल तर ती पहिल्याच दिवशी मागा.

पोळ्याच्या आठवड्यातच एका संध्याकाळी मेवा आणि केशराच्या कपाटाच्या कुलपावर ओरखडे दिसले. किल्लीच्या भोकाच्या दोन्ही बाजूंना पितळेवर केसासारख्या बारीक रेषा होत्या आणि भोकात पातळ पत्र्याचा तुटलेला तुकडा अडकला होता, तो मी भुवया कोरण्याच्या चिमट्याने काढला. कुलूप उघडले नव्हते, आत एकही डबी कमी नव्हती. त्या दिवशी मी पहिल्यांदा मोकळेपणाने म्हटले की पैसे वाया गेले नाहीत.

सर्वांत मोठा फायदा मात्र मला वाटला होता त्या बाजूने आलाच नाही. कपाट बंद आणि किल्ली एकाच्याच कमरेला असल्यामुळे आतील माल दर शनिवारी मोजायला फक्त दहा मिनिटे लागतात. जूनमध्ये सलग तीन आठवडे तुपाचे डबे कमी भरले : दोन, मग एक, मग पुन्हा दोन. कुलूप शाबूत, बिलांची जुळणी बरोबर. किल्ली हाताळणाऱ्या मुलाकडे मी त्या दिवसांत ज्या नजरेने पाहिले ते आठवले की अजूनही वाईट वाटते. चौथ्या आठवड्यात माल उतरवतानाच खोकी फोडून मोजली तेव्हा चोवीस डब्यांच्या बिलावर बावीस डबे आलेले निघाले. घाऊक विक्रेत्याच्या माणसाने सुरुवातीला मानले नाही, दुसऱ्या खेपेला माझ्यासमोर मोजणी झाल्यावर मानले आणि पाच डब्यांसह सगळ्या फरकाची क्रेडिट नोट दिली. म्हणजे जानेवारीत निघालेल्या ६१ हजारांतील काही भाग दुकानाच्या दारातून कधी आतच आला नव्हता, आणि आम्ही वर्षभर गिऱ्हाइकांवर आणि मुलांवर संशय घेत होतो. मी त्या मुलाला समोर बसवून सांगितले की मी तुझ्याबद्दल चुकीचा विचार केला होता. तो म्हणाला, “काकू, मले माहीत होतं, पण बोलू कसा?” त्यानंतर कोणताही माल मोजल्याशिवाय पावतीवर सही करायची नाही, हा नियम आम्ही सर्व विक्रेत्यांसाठी लावला आहे.

नऊ महिन्यांत कुलूपबंद मालातील न उलगडलेली तूट चार नगांची आहे. उघड्या रॅकवरील चॉकलेट आणि लहान अत्तरांची तूट थोडी वाढली आहे, म्हणजे काही हात तिकडे वळले असावेत. त्यासाठी मी आणखी कपाट करणार नाही. चॉकलेट मुलांच्या हाताला लागतील असेच राहतील, अत्तरे मात्र काउंटरच्या काचेखाली येतील. एक चौथे कुलूप मी मागवले आहे, ते गोदामाच्या दारासाठी, त्याच किल्लीच्या जुळणीचे, आणि या वेळी तीन किल्ल्या सांगितल्या आहेत. कार्ड दुकानात न ठेवता घरच्या कपाटात, रेशन कार्डाच्या पाकिटात ठेवले आहे, आणि ते कुठे आहे हे माझ्याशिवाय माझ्या सासूबाईंना माहीत आहे.